आमदारांची कोरी पत्रं

सोमवारी आमदारांच्या कार्यालयात गाऱ्हाणी ऐकली जात. कुणाला नळ हवा, कुणाला मुलाची बदली, कुणाच्या सासऱ्याची पेन्शन अडलेली. आमदार चार वेळा निवडून आले होते ते कुणालाही ‘नाही’ न म्हणता. सोय म्हणून त्यांच्या सहायकाच्या खणात कोऱ्या पत्रांचा गठ्ठाच असे. खाली आमदारांची सही आधीच ठोकलेली, वरचा मजकूर गरजवंत सांगेल तो!

अशाच एका पत्राने दीड वर्षापूर्वी चौदा वर्षांची मुलगी कागदावर अठराची झाली. लग्न उरकलं. दहा महिन्यांनी ती बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तेव्हापासून तिची आई, शाळेत झाडलोट करणारी बाई, दर सोमवारी येऊन दाराजवळच्या बाकावर बसे. काही मागत नसे, बोलत नसे. आमदार तिच्याकडे बघायचं टाळत, पण घरी जेवायला बसले तरी समोरच्या खुर्चीत त्यांना तीच दिसे. सभा गाजवणारा हा माणूस एका गप्प बाईला घाबरत होता.

त्या सोमवारी वीटभट्टीवाला आला.

“साहेब, धाकटीचं जमलंय. दाखल्यावर पंधरा लागलंय तेवढं. दोन ओळी दिल्यात की झालं.”

“तीन वर्षं थांबा की,” आमदार पुटपुटले.

“स्थळ थांबतंय होय? आणि निवडणूक तोंडावर आलीय. भट्टीवरची सहाशे मतं मी सांगेन तिकडे जातात, तुम्हाला काय सांगायचं.”

सहायकाने सवयीने खण उघडला आणि वरचं पत्र काढलं.

बाकावरची बाई उठून टेबलाशी आली. आमदार खुर्चीतून उठले.

“ताई, माझी चूक झाली...”

“तुमची एकट्याची नाही, साहेब. पत्र मागायला मीच आले होते. इथेच हात जोडून उभी होते. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी गावभर तुम्हाला शिव्या घातल्या असत्या. पण पोर जगली असती.” मग ती भट्टीवाल्याकडे वळली. “दादा, पुढचं कोण येतंय तेच बघायला मी इथे बसते. आज तुम्ही आलात.”

आमदारांनी सहायकाच्या हातातलं पत्र घेतलं, खणातला गठ्ठाही काढला आणि सगळं फाडून टाकलं.

“पत्र मिळणार नाही,” ते म्हणाले. “लग्नाचा घाट घातलात तर पोलिसांना मीच कळवीन. जाणारच आहे त्यांच्याकडे, जुन्या पत्राचा जबाब द्यायला.”

भट्टीवाला तणतणत पायऱ्या उतरला. भर रस्त्यात उभं राहून त्याने आमदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माणसं जमली. सहायक दार लावायला धावला, तर आमदारांनी हातानेच त्याला थांबवलं.

बाई उघड्या दारात उभी राहून एकेक शिवी ऐकत होती आणि रडत होती. या सगळ्या शिव्या दीड वर्षापूर्वी तिने द्यायला हव्या होत्या.