मखमलीवरची कात्री

मी एक जुनी लोखंडी कात्री आहे. मित्रांनो, मला ओवाळू नका. तबकात बसून ओवाळून घेण्यात माझं अर्धं आयुष्य वाया गेलं, आणि त्या अर्ध्या आयुष्याची मला अजून किळस येते.

माझा जन्म मुरबाडकडच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. म्हशाच्या जत्रेत देवजी नावाच्या तरुणाने मला सुतळीवर चालवून पाहिलं आणि खिशात टाकलं. शेणव्याला त्याची नवी भातगिरणी होती. दिवसभर मी पोत्यांची तोंडं उघडायची. अंगावर कोंडा, पात्यांना सुतळीचे धागे, आणि आठवड्याला खिळ्यावर एक थेंब तेल. तेव्हाचा देवजी मला आवडायचा, हे मान्य करते. एका पावसाळ्यात ओढ्याचं पाणी पाड्यात शिरलं. त्याने गिरणीतली सगळी पोती माझ्याकडून उघडून घेतली आणि गुडघाभर चिखलात उभं राहून तांदूळ वाटला. फोटो काढायला कुणी नव्हतं. बहुतेक म्हणूनच तो दिवस चांगला गेला.

पुढे भिवंडीकडे गोदामं झाली आणि देवजीचे देवजीशेठ झाले. त्यांनी शाळेला एक खोली बांधून दिली. उद्घाटनाला कात्री आणायला सगळेच विसरले, तेव्हा शेठनी खिशातून मला काढलं. "गिरणीच्या कात्रीने फीत कापणारा माणूस!" असं कुणीतरी भाषणात म्हणालं आणि शेठना ते फार गोड लागलं. झालं! मला घासूनपुसून लाल मखमलीवर निजवलं. त्यानंतर मी फितीशिवाय काही कापलं नाही. छत्र्या वाटल्या, फीत. बाक दिला, फीत. त्याच बाकाला पुढच्या वर्षी रंग दिला, पुन्हा फीत. भाषणांत मला 'सेवेचं शस्त्र' म्हणायचे. शस्त्राचा खिळा गंजतोय, त्यावर थेंबभर तेल सोडावं, हे एकाही वक्त्याला सुचलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात शेठनी डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर पाण्याची टाकी बांधून दिली. पाड्याची विहीर खाली दरीत, वाट सुट्या मुरमाची. टाकी भरली, नळ बसला, आणि नळाला फीत बांधली गेली. ती कापायला मात्र शेठना तारीख नव्हती. एक सत्कार ठाण्याला, दुसरा कल्याणला. त्यांचा व्यवस्थापक प्रणित मला तबकासकट आधीच अंगणवाडीच्या फळीवर ठेवून गेला. अकरा दिवस बायका भरलेल्या टाकीशेजारून रिकामे हंडे घेऊन दरीत उतरत होत्या. फितीला कुणी हात लावला नाही. दात्याचा मान म्हणे!

अंगणवाडीसमोर धोंडीबाईचं घर. तिची सून बाळी नवव्या महिन्यात होती. धोंडीबाईचे गुडघे गेलेले, मुलगा दूर वीटभट्टीवर; पाणी बाळीच आणायची. अकराव्या दिवशी ती उतारावर घसरली. हंडा दरीत गेला. करवंदीची जाळी हाताला लागली म्हणून बाळी वाचली. दोन्ही हात काट्यांनी सोलपटलेले घेऊन ती घरी आली.

प्रणित मंडप बांधून घेत होता. धोंडीबाईने त्याला तिथेच गाठलं.

"नळ सोड रे. पोरीचे दिस भरलेत."

"आजी, उद्याच येतायत शेठ. एवढे थांबलात, आता एक दिवस."

"आमी थांबू. तिच्या पोटातला थांबल का? तुज्या शेठसारखी त्याची पन तारीख घ्यायची?"

"तसं नाही, पण फीत शेठच्याच हस्ते कापायची असते."

"आन पानी कुनाच्या हस्ते प्यायचं असतं?"

प्रणितने फोन कानाला लावला आणि पाठ फिरवली. धोंडीबाई तडक अंगणवाडीत शिरली आणि मला उचलून नळापाशी गेली. गंजामुळे मी अडखळले. तिने दोन्ही हातांनी दाबलं. कच्च! हंड्यात पाण्याचा आवाज घुमला आणि पोती उघडायचे माझे दिवस मला आठवले.

दुसऱ्या दिवशी नळाला घाईघाईने नवी फीत बांधली गेली. सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. शेठ आले, आणि त्यांचा पांढरा बूट नळाखालच्या चिखलात रुतला.

"इथे ओलं कसं?"

"मी कापली काल फीत," धोंडीबाई म्हणाली. "कात्री तुमचीच व्हती."

मला वाटलं, निदान चिखल तरी त्यांना त्या पावसाळ्याची आठवण करून देईल. शेठनी बूट पुसायला रुमाल मागितला. "असू दे, असू दे. फोटोत बूट नको यायला." आणि कालच उघडलेल्या नळाची फीत त्यांनी पुन्हा कापली. मी मुद्दाम करकरले.

"फार कुरकुरते ही. पुढच्या वेळी सोनेरी आणा."

"मंग ही हितंच ऱ्हाऊ द्या, शेठ," धोंडीबाई म्हणाली. "पुढचा नळ बांधाल तवा तुमची वाट बगाया नको."

शेठ खळखळून हसले. बायकाही हसल्या, पण वेगळ्या कारणाने. प्रणितने मात्र मान खाली घातली आणि मला तबकासकट गुपचूप बाळीच्या पुढ्यात ठेवलं.

आता मी धोंडीबाईच्या चुलीजवळच्या खुंटीला असते. खिळ्यावर तेल पडतं. इथे आल्यावर पहिल्यांदा मी तबकातली ती लाल मखमलच बेतली. बाळीच्या लेकीचं टोपडं. तिला ते शोभतं. मला कधीच शोभलं नव्हतं.

मित्रांनो, घरातली कात्री कोरडी ठेवत जा, तिला तेल घालत जा, आणि रोज काम द्या. आणि तहानलेल्या माणसासमोरच्या नळाला कुणी फीत बांधलेली दिसली, तर तबक येईपर्यंत थांबू नका.