मोकळा पूल

त्याने फोटो मोठा केला. अजून मोठा केला. घड्याळाचा बुरूज पडद्याबाहेर गेला, कबुतरं गेली, आणि खालच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसलेली बाई तेवढी उरली. तिचा चेहरा खांबाआड होता, पण कोट दिसत होता. मोहरीच्या रंगाचा कोट आणि त्याला निळा खिसा.

असा कोट या सबंध शहरात एकच होता. इथल्या कोटांना खिसे नुसते नावाला, रुमालसुद्धा धड मावत नाही, म्हणून त्याच्या बायकोने दुकानातल्या उरलेल्या कापडाचा हा भला मोठा खिसा स्वतः शिवून लावला होता. फोटो गुरुवारचा, सकाळी अकरा वीसचा. आणि गुरुवारी अकरा वीसला ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात मशीनवर असायला हवी होती, बुरुजापासून चांगलं अर्ध्या तासाच्या अंतरावर.

स्वयंपाकघरातून तिची पावलं ऐकू आली तसा त्याने लॅपटॉप मिटला.

"झाले का बारा निवडून?" तिने विचारलं.

"होतायत."

बारा म्हणजे कॅलेंडरचे. पोटापाण्यासाठी या देशात आलेली सात-आठ मराठी माणसं, सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडायची. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या खोलीत जमून एकमेकांचे फोटो बघायची, आणि वर्षाअखेर त्यातल्या बारांचं कॅलेंडर छापून गावाकडच्या नातेवाइकांना पाठवायची, म्हणजे आपली माणसं किती देखण्या देशात सुखाने राहतायत हे त्यांना भिंतीवर रोज दिसत राहावं. यंदा निवडीचं काम त्याच्याकडे आलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, एक स्क्रू उरला तरी जेवण न जाणारा. त्याच्या फोटोत औषधालाही माणूस सापडत नसे, म्हणून सगळे त्याला झाडूराव म्हणत. तिपाई लावून तो तासन्‌तास उभा राहायचा, माणसं बाजूला होईपर्यंत एकामागून एक फोटो काढत राहायचा, आणि घरी येऊन शेवटचा मोकळा फोटो तेवढा उघडायचा. बाकीचे तसेच पडून राहात. माणसं आली की देश कुठलाही वाटतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते तो दर महिन्याला एकदा तरी सांगत असे.

बुरुजाचा फोटो चष्मेवाल्याचा होता. चष्मेवाला म्हणजे चष्म्याचं दुकान असलेला, चाळिशी उलटूनही सडाफटिंग, आणि 'वहिनी' हा शब्द जरा जास्तच गोड म्हणणारा. त्याचं दुकान दुपारी बाराला उघडे. सकाळ मोकळी. हे सगळं आधीही ठाऊक होतंच, पण आता त्याच्या मनात पाल चुकचुकली. चष्मेवाल्याचे बाकीचे फोटो त्याने डोळ्यांत तेल घालून तपासले. आणखी दोनांत निळा खिसा निघाला.

रात्रीच्या जेवणाला त्याने सहज विचारल्यासारखं केलं. गुरुवारी फार काम होतं का?

"होतं की. एका नवरीच्या बाह्या उसवायच्या होत्या. मान मोडून आली."

इतकं नेटकं खोटं त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती वाढत असताना त्याने तिची बोटं पाहिली. पूर्वी तिच्या डाव्या तर्जनीवर सुईच्या टोचण्या असायच्या, तिळासारख्या. आता बोट स्वच्छ होतं. कधीपासून, ते त्याला सांगता आलं नसतं. तिचा पगार तिच्याकडेच असे, त्याबद्दल आपण चकार शब्द विचारत नाही याचा त्याला आजवर अभिमान होता. त्या रात्री त्या अभिमानाचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो डोळे तपासायच्या निमित्ताने चष्मेवाल्याकडे गेला. चष्मेवाल्याने त्याच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट बसवली, भिंग बदलत समोरची अक्षरं वाचायला लावली. अक्षरं वाचता वाचता त्याने बुरुजाच्या फोटोतल्या बाईचा विषय काढला.

"बाई? कुठली बाई?" चष्मेवाला हातात भिंग घेऊन थांबला. "मी कबुतरांच्या मागे होतो. बाकी वहिनी बऱ्या आहेत ना? बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत."

दिसल्या नाहीत! हा तर चांगलाच मुरलेला निघाला, असं मनाशी म्हणत तो घरी आला. नंबर वाढलाय, असंही चष्मेवाल्याने वर सांगितलं होतं.

मग त्याने छपाईच्या दर्जाचं कारण पुढे करून सगळ्यांकडून त्यांचे मूळ फोटो मागवले. चष्मेवाल्याला रंगेहाथ पकडायचं, एवढाच बेत. मंगळवार त्याच्या सुट्टीचा. ती नेहमीसारखी कोट घालून, पिशवी घेऊन कामाला म्हणून बाहेर पडली, आणि हा पडद्याला नाक लावून बसला. त्यांच्यातल्याच निवृत्त हेडबाईंच्या कारंज्याच्या फोटोत ती कठड्याला टेकून उभी होती. नर्सने काढलेल्या ट्रामच्या फोटोत थांब्यावर ती एकटीच, ट्राम समोरून चाललेली आणि तिने हातही केलेला नव्हता. दुपारपर्यंत अकरा फोटो झाले. चार वेगवेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या वारांचे. अकराही फोटोंत ती एकटी होती. काढणाऱ्यांपैकी कुणालाच ती दिसली नव्हती. ते कारंजं बघत होते.

चष्मेवाला सुटला, पण त्याला हायसं वाटलं नाही. कुणी एक माणूस असता तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

तो उठून थेट तिच्या दुकानाकडे गेला. तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. शेजारच्या म्हाताऱ्या चांभाराला त्याने विचारलं, तेव्हा त्याने हातातला बूट खाली ठेवला. शिवणाचं दुकान? ते तर मार्चमध्येच बंद पडलं. दुसरा मंगळवार होता. मालकिणीने सकाळी सगळ्यांना एकदम सांगितलं, रडली, आणि जाताना आपली इस्त्री या चांभाराला देऊन गेली. ती अजूनही आहे, दाखवू का, असंही त्याने विचारलं.

तिने आपल्याला का सांगितलं नसेल? साडेसात महिने रोज सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडायचं आणि संध्याकाळी दमून यायचं? घरी येईपर्यंत त्याला संताप, कीव आणि भीती आलटून पालटून येत होती. आणि अचानक त्याला आठवलं की मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी आपण पुलावर होतो. कॅलेंडरच्या मुखपृष्ठासाठी सगळ्यांनी एकमताने उचललेला मोकळा पूल त्याच दिवशीचा.

त्याने त्या दिवसाचे सगळे फोटो पहिल्यांदाच उघडले. एकूण सहा होते. सहावा मुखपृष्ठाचा. तिसऱ्यात पुलाच्या मध्यावर कुणीतरी उभं होतं. पाठीमागून ऊन असल्याने नुसती काळी आकृती, एक हात वर केलेला. त्याने सावलीतला उजेड वाढवत नेला. आधी मोहरीचा रंग आला. मग खिसा.

चौथ्यात हात खाली होता. पाचव्यात ती कडेला पोचली होती, अर्धी फ्रेमच्या बाहेर.

ती सहाला आली. पिशवी खुंटीला लावून कोटाची बटणं काढू लागली. त्याने मिटलेला लॅपटॉप उघडला आणि तिच्याकडे वळवला. तिसरा फोटो लावलेला होता. ती उभ्या उभ्या बघत राहिली, बटणावरचा हात तसाच.

"मी दुकानाशी जाऊन आलो," तो म्हणाला.

तिने मान हलवली. मग खुर्ची ओढून बसली, कोटासकट.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच आले होते. दुकानातून तडक. तुम्ही पुलावर जाणार म्हणाला होतात."

"मग?"

"तुम्ही कॅमेऱ्यात बघत होतात. मी हाक मारली, हात केला. वारा होता, ऐकू गेलं नसेल." ती थांबली. त्याची बाजू आपणच सावरून घेतोय हे तिच्या लक्षात आल्यासारखं झालं. "मग तुम्ही पण हात केलात."

त्याला काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. तो दिवसातून कितीतरी जणांना हात करायचा.

"कसा?"

तिने टेबलावर पंजा उचलला आणि ताटावरची माशी हाकलावी तसा दोनदा बाहेरच्या बाजूला झटकला.

"असा. मग मी झाले बाजूला."