रांगेतला शेवटचा रोबो

"काय रे यंत्रा, बरा आहेस ना?" मास्तरांनी विचारलं आणि कासव खुर्चीत पुढे सरकून वाचू लागला.

प्रश्न पडद्यावर उमटला होता. खेळातल्या शहराच्या वेशीवर रोबो पहारेकऱ्यांची रांग उभी होती आणि देशोदेशीचे खेळाडू त्यांच्यासमोरून आत जात होते. रांगेतला शेवटचा रोबो मात्र कासव चालवायचा, ऑफिसातल्या खुर्चीत बसून, दोन बोटांनी टाइप करत. त्या दोन बोटांवरूनच मास्तरांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. पूर्वी दोघं इथेच शेजारी बसून शिवीगाळ करणाऱ्या खेळाडूंना बाहेर काढत. काढण्याआधी चार शब्द सुनावल्याशिवाय त्यांना राहवत नसे, म्हणून ते मास्तर.

मग रोबो आले. ते चुकले तर शेवटच्या रोबोच्या आडून सांभाळायला एकच माणूस ठेवायचं ठरलं. "याला ठेवा साहेब. याचा संसार आत्ताच कुठे सुरू झालाय," मास्तर म्हणाले. कासव मान खाली घालून बसून राहिला. मास्तर निघाले तेव्हा मात्र म्हणाला, "मी बोलतो साहेबांशी. तुम्हाला परत आणतो बघा." बोलला नाही. पुढे मास्तरांचे फोन उचलणं जड जाऊ लागलं, आणि हळूहळू फोन यायचेही थांबले.

आता मास्तर खेळाडू होऊन वेशीवर येत आणि एकेका रोबोशी बोलून बघत.

"बाकीचे पटकन बोलतात. तू फार वेळ लावतोस रे," त्यांनी लिहिलं. "कासवा, तूच ना?"

कासवाने मागे पाहिलं. साहेब चहाचा कप घेऊन उभे होते. 'सगळे पहारेकरी यंत्रंच' ही कंपनीची जाहिरात होती. रोबोच्या आड माणूस आहे हे सांगणाऱ्याला घरी बसावं लागलं असतं. पण साहेब नसते तरी हा काय मोठा बोलणार होता? 'हो, मीच' म्हटलं की पुढचा प्रश्न फोनचा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने रोबोच्या तयार वाक्याचं बटण दाबलं.

"मी स्वयंचलित पहारेकरी आहे. आपली काय मदत करू?"

मास्तरांनी पुन्हा लिहिलं.

"बरं. मग एक निरोप दे. तुमच्यात एक कासव आहे. त्याला सांग, मास्तरांना काम मिळालंय, खऱ्याखुऱ्या गेटवर. तोंड लपवत फिरू नकोस म्हणावं. आणि पाठीला उशी घेऊन बस, सारखी दुखते तुझी."

"आपला संदेश नोंदवला आहे. धन्यवाद." हेही वाक्य तयारच होतं.

मास्तर आत निघाले. बाकीच्या रोबोंनी नेहमीसारखा एकदम सलाम केला आणि एकदम हात खाली घेतले. कासवाला सलामाचं बटण सापडायला वेळ लागला. मग त्याच्या एकट्याच्या रोबोचा हात वर गेला आणि तसाच राहिला. मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही.

"अरे, तो शेवटचा बिघडला की काय?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब," म्हणत कासवाने तो हात खाली घेतला.