सीटखालचा चोरखटका

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही आणि त्यात तुमचा काही दोष नाही. कुणाच्या दृष्टीस पडायचे नाही, हेच माझे काम होते. मी एक जुना खटका आहे. हैदराबादेत अंबरपेठच्या एका गल्लीत पांढऱ्या रंगाची छोटी गाडी उभी असते. तिच्या ड्रायव्हरच्या सीटखाली, मागच्या अंगाला, लोखंडी रुळाच्या आड मी बसलेलो आहे. मी माझे काम फार चोख केले आणि त्याचीच मला आज लाज वाटते. ते कसे, तेवढे सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात साच्यातून झाला. अंगठ्याच्या नखाएवढा काळा देह आणि पोटाला पितळेचे दोन पाय. आमच्या खोक्यावर मेजावरच्या दिव्याचे चित्र होते, त्यामुळे आपण कुणाच्या तरी अभ्यासाच्या टेबलावर जाणार अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात सुलतान बाजारामागच्या एका विजेच्या दुकानात, काचेच्या बरणीत, शंभरेक भावंडांबरोबर मी तीन वर्षे धूळ खात पडलो. तिथून खाजाभाईंनी मला उचलले. खाजाभाई म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचे कारागीर. त्यांनी आम्हा दोघांना घेतले, मला आणि माझ्या एका भावाला.

गाडी उत्तमरावांची होती. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. मूळ घर मराठवाड्यातले, पण दोन पिढ्या हैदराबादेत गेलेल्या. घरात ते, त्यांची पत्नी कोंडाबाई आणि नात सुमेधा अशी तीनच माणसे. सुमेधाचे आईवडील नोकरीपायी बंगळुरात असत. उत्तमरावांना सारी गल्ली आबा म्हणे. आबांचा आवाज मोठा खणखणीत होता. रविवारी विहारात वंदना ते सांगत आणि बाकीचे त्यांच्या मागून म्हणत. एकदा बोलायला लागले की ते समोरच्याचा चहा थंड करून सोडत. सगळ्या जगाबद्दल बोलणारा हा माणूस फक्त माझ्याबद्दल कधी बोलला नाही.

त्याला कारण होते. आबांची पहिली गाडी विद्यानगरात एका लग्नाच्या मंडपासमोरून चोरीला गेली होती. हे जेवायला बसले आणि बाहेर गाडी गेली. तेव्हापासून त्यांचा कुणावर विश्वास उरला नाही. ही दुसरी गाडी आली तेव्हा सुमेधा शाळेत होती. मैत्रिणीच्या वडिलांच्या गाडीला बटण आहे, हे तिने पाहिले होते. इकडे आबा रोज किल्ली कुठेतरी ठेवून विसरत.

"आबा, बटण बसवा ना," ती म्हणे. "किल्ली हुडकण्यातच तुमचा अर्धा जन्म चाललाय."

अखेर खाजाभाईंना बोलावणे गेले. त्यांनी किल्लीची जागा उकलून काढली आणि तिथे काळी पट्टी बसवली. शेजारी आले ते गोल बटण, भोवती निळ्या उजेडाचे कडे, आणि दारे उघडायला एक छोटा रिमोट. गल्लीतली मुले ते बटण बघायला लोटली. आबांना मात्र चैन पडेना.

"बटण तो कोई भी दबाएगा, खाजाभाई," ते म्हणाले.

"उसका भी इलाज है साब," खाजाभाई म्हणाले. "पेट्रोल के पंप की तार में चोरखटका डाल देतूँ. खटका बंद रहा तो गाडी सिर्फ घुर्र घुर्र करती, चालू नै होती."

मग माझ्या भावाला त्यांनी स्टिअरिंगच्या खाली, चोराचा हात पहिल्यांदा जाईल अशा जागी बसवले. त्याच्या तारा कशालाच जोडल्या नाहीत. तो नुसता तोतया. खरा मी. मला त्यांनी सीटखाली अशा अडचणीत बसवले, की मागचे दार उघडून खाली वाकल्याशिवाय बोट पोचू नये. निघताना हात पुसत खाजाभाई म्हणाले, "साब, घर में एक जने कू तो दिखा के रखो."

"तीसरे के कान में गया तो गया, खाजाभाई," आबा म्हणाले. गोष्ट षट्कर्णी झाली की फुटते, यावर त्यांची फार श्रद्धा. मित्रांनो, ते शहाणपण मलाही तेव्हा पटले होते.

त्या दिवसापासून आमचा नेम सुरू झाला. आबा आधी मागचे दार उघडत, हातातली कापडी पिशवी खाली ठेवण्याच्या मिषाने वाकत आणि त्यांचे उजव्या हाताचे बोट माझ्या पाठीवर येई. टक. मग पुढे जाऊन ते बटण दाबत. गाडी उभी केली की पिशवी उचलण्याचे निमित्त आणि पुन्हा टक. कोंडाबाई त्यांना टोमणे मारत, "पिशवी मागं ठिवायचा काय नवस हाय का तुमचा? शेजारी ठिवा की." आबा हसत आणि दार लावून घेत. पुढे सुमेधा गाडी शिकली, तिला परवानाही मिळाला. तेव्हाही आबा गाडी स्वतः सुरू करून देत आणि मगच तिला स्टिअरिंगवर बसवत. सगळे कौतुक त्या निळ्या बटणाचे होई. मला वाईट वाटत नसे असे नाही. दिव्यासाठी घडलेला मी, जन्मभर अंधारात. पण एका माणसाच्या एका बोटाला मी ठाऊक होतो आणि मला तेवढे पुरे होते.

एकदाच माझे चीज झाले. सुलतान बाजारात आबा आणि कोंडाबाई कापड घ्यायला गेले असताना कुणीतरी काचेच्या फटीत लोखंडी पट्टी घालून दार उघडले. एक अनोळखी बूट आत आला. बटणाच्या तारा खेचल्या, गाडी घुरघुरली आणि गप्प झाली. त्याने भावाला शोधून दाबले. पुन्हा घुरघुर. थोड्या वेळाने तो पळून गेला. आबांनी ही गोष्ट महिनाभर गल्लीला ऐकवली, फक्त खटका कुठे आहे ते सोडून. घरी आल्यावर पिशवी ठेवायला वाकून ते हलकेच म्हणाले, "शाब्बास रे." माझ्या आयुष्यातली ती एकच शाबासकी.

त्याच आठवड्यात त्यांनी गाडीत बसून एक कागद लिहिला. आपल्याला काही झालेच तर घरच्यांना सापडावा म्हणून तो गाडीच्या कप्प्यात विम्याच्या कागदांमागे ठेवला. तो मराठीत लिहिला, मुद्दाम. लिहिताना स्वतःशीच म्हणत होते, "चोर तेलुगू वाचंल, उर्दू वाचंल, इंग्रजी वाचंल. मराठी कोण वाचतंय इथं?" या युक्तीवर ते फार खूश होते. घरातल्या दोघींपैकी कोंडाबाईंना अक्षरओळख नाही, आणि सुमेधा घरात भडाभडा मराठी बोलत असली तरी तिचा मराठीशी संबंध तोंडापुरता, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. शाळेत तिची हिंदी तिसरी भाषा होती आणि आठवीत सुटली, देवनागरीची ओळख तेवढीच. छापील पाटी ती अडखळत वाची. आबांचे अक्षर तर एकदा टेकवलेले पेन ओळ संपेपर्यंत न उचलणारे.

आता तो दिवस सांगायला हवा. बोनालूचा, म्हणजे देवीच्या जत्रेचा रविवार होता. रस्त्यावर डफासारखे डप्पू वाजत होते आणि गर्दी गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. दुपारी जेवताना आबा काहीतरी सांगत होते आणि वाक्य मधेच तुटले. तोंड वाकडे झाले, उजवा हात ताटात पडला. हे मला नंतर ऐकून कळले. मला दिसले ते एवढेच, की मागचे दार उघडले, शेजाऱ्यांनी आबांना आत आणून आडवे केले आणि कोंडाबाईंनी त्यांचे डोके मांडीवर घेतले. ॲम्ब्युलन्स मिरवणुकीच्या पलीकडे अडकली होती. रिक्षा कुठली मिळायला. मागच्या गल्ल्यांतून दवाखाना पंधरा मिनिटांवर होता आणि रस्ता सुमेधाला पाठ होता. आबांच्या खिशातला रिमोट घेऊन ती पुढे बसली, तिने बटण दाबले. निळे कडे उजळले. गाडी घुरघुरली आणि गप्प झाली.

मी बंद होतो. आबांनी आदल्या दिवशी मला नेमाने बंद केले होते.

ती पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली. "आबा, तो सीक्रेट स्विच कुठंय? आबा, एकदा सांगा ना," ती विचारत होती. आबांच्या तोंडून नुसता घोगरा आवाज येत होता. तिने स्टिअरिंगखाली हात घातला आणि माझा तोतया भाऊ तिला सापडला. "मिळाला, आज्जी," ती म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद मला अजून ऐकू येतो. तिने तो दाबला, बटण दाबले. घुरघुर आणि शांतता. शेजारच्या पोरांनी गाडी ढकलत गल्लीच्या टोकाला नेली आणि परत आणली, पण पेट्रोलच पुढे जात नव्हते तिथे ढकलून काय होणार? खाजाभाईंचा फोन लागत नव्हता.

आणि या सगळ्या वेळात, मित्रांनो, आबांचा डावा हात खाली येत होता. उजवा गेला होता, पण डावा त्यांचा होता. तो सीटवरून घसरत, चाचपडत रुळापाशी आला. बोटे माझ्यापासून दोन बोटांवर होती. तेवढ्यात कोंडाबाईंनी तो हात उचलला, दोन्ही हातांत धरला आणि आबांच्याच छातीवर ठेवला. "भिऊ नका. म्या हाय की इथं," त्या म्हणाल्या. हात पुन्हा खाली आला. त्यांनी पुन्हा मायेने उचलून वर ठेवला. तीनदा असे झाले. मी तिथेच होतो. मला हाक मारता येत नाही, पुढे सरकता येत नाही. मला फक्त लपून राहता येते.

खाजाभाईंचा दुसरा नंबर सापडतो का म्हणून सुमेधाने कप्पा उपसला, तेव्हा तो कागद हाती आला. तिने तो उलटासुलटा केला. "आज्जी, आबांनी काहीतरी लिहिलंय. मला वाचता येईना."

"एकेक अक्षर म्हण," कोंडाबाई म्हणाल्या. "म्या जोडते."

"मा... ग... चे... दा... र..."

"मागचं दार. म्होरं?"

"उ... घ... हे काय कळंना. खा... ली... वा..."

"खाली वाक. मागचं दार उघडून खाली वाक."

एवढे बोलून कोंडाबाईंनी खाली पाहिले. आबांचा हात चौथ्यांदा खाली येत होता. या वेळी त्यांनी तो उचलला नाही. त्या हाताच्या मागोमाग त्यांनी आपला हात सोडला आणि दोघांची बोटे बरोबरच माझ्यापाशी आली. टक. सुमेधाने बटण दाबले आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पाऊण तास गेला होता.

आबा वाचले. पण डॉक्टरांनी विचारले, "इतका वेळ का लागला?" आबांचा उजवा हात परत आला नाही आणि वाचाही परत आली नाही. विहारात आता वंदना दुसरे कुणी सांगते. आबा भिंतीला टेकून बसतात आणि त्यांचे ओठ सगळ्यांच्या मागून हलतात, असे मी गाडीतल्या बोलण्यावरून ऐकले. एकदा गाडी पुसण्याच्या निमित्ताने कोंडाबाई एकट्याच मागच्या सीटवर येऊन बसल्या. "हात म्याच उचलला," एवढेच त्या म्हणाल्या आणि फडके घेऊन उतरल्या.

पुढे सुमेधाने खाजाभाईंना बोलावले. ते सीटखाली वाकले, त्यांनी माझ्या तारा कापल्या आणि पंपाची तार सरळ जोडून टाकली. मला उपटायला त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, तेव्हा सुमेधा म्हणाली, "ओ खटका रैने दो, खाजाभाई. आबा कू होना."

आबांना मी हवा होतो, म्हणून मी अजून इथे आहे. आता मीही तोतया झालो आहे, माझ्या भावासारखा. दर मंगळवारी आबांना व्यायामासाठी दवाखान्यात नेतात. त्यांना मागे बसवले की सुमेधा पुढे जाऊन थांबते. आबा वाकतात, डावा हात खाली येतो, कधी जागा चुकते, कधी दोन दोनदा चुकते. ती घाई करत नाही. मी टक वाजलो की मगच ती बटण दाबते. गाडी सुरू झाली की आबा मागे टेकून बसतात. आपण गाडी सुरू केली, असे त्यांना वाटते. माझ्यात आता काही नाही, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. तो कागद अजून कप्प्यात आहे आणि सुमेधाला तो आता न अडखळता वाचता येतो.

मित्रांनो, चोरासाठी कुलपे जरूर लावा, खटके जरूर लपवा. पण घरातल्या एकाला तरी हात धरून ती जागा दाखवा, आणि त्याला वाचता येईल अशा अक्षरांत लिहून ठेवा. आणखी एक मागणे आहे. न बोलता येणाऱ्या माणसाचा हात काही शोधत असेल, तर तो मायेने उचलून छातीवर ठेवायची घाई करू नका. आधी थोडे खाली वाकून बघा, तो कुठे चालला आहे.