मुक्या अक्षरांची हजेरी

"सदर शिक्षिका विद्यार्थ्यांस इंग्रजीचे अशुद्ध उच्चार शिकवीत असून त्यामुळे शाळेच्या लौकिकास बाधा येत आहे; सबब त्यांना सेवेत कायम करू नये."

मुख्याध्यापकांच्या अहवालातले हे एक वाक्य माझ्या भाचीची नोकरी घालवायला पुरेसे होते. व्याकरण निर्दोष होते. उणीव होती ती फक्त सत्याची.

'अशुद्ध' म्हणजे काय, ते आधी पाहू. 'नाइफ'च्या आरंभी जे 'के' मुकाट बसलेले असते, ते काही शतकांपूर्वी खणखणीत बोलत होते. लोक 'क्नीफ' म्हणत. 'नेम' तर जवळजवळ आपल्या 'नाम'सारखाच ऐकू येई. पुढे जिभा वळल्या. छापखान्यांनी मात्र तोवर जुनी स्पेलिंगे ठोकून पक्की करायला घेतली होती. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातले 'बी' इंग्रजांनी कधी उच्चारलेच नव्हते. लॅटिनशी सोयरीक मिरवावी म्हणून पंडितांनी, म्हणजे माझ्याच व्यवसायबंधूंनी, ते मागाहून घुसडले. तेव्हा लिहिल्याबरहुकूम वाचणारा अडाणी नसतो. त्याला यायला काही शतके उशीर झालेला असतो, इतकेच.

भाचीने पाचवीच्या वर्गाला हेच सांगितले, आपल्या रीतीने. दर शनिवारी ती मुक्या अक्षरांची हजेरी घेई. एकेका मुलाच्या गळ्यात एकेका अक्षराचा पुठ्ठा. नाव पुकारले की त्याने अक्षराचा जुना आवाज काढायचा, तोंडावर बोट ठेवून खाली बसायचे, आणि मग अख्ख्या वर्गाने आजचा उच्चार घोकायचा. मुख्याध्यापक पाठनिरीक्षणासाठी शेवटच्या बाकावर येऊन बसले, त्या दिवशी 'बी'चा पुठ्ठा घातलेली मुलगी उभी राहून म्हणाली, "मला आवाजच नव्हता, बाई. मला वशिल्यानं घेतलंय." वर्ग हसला. मुख्याध्यापक हसले नाहीत.

चौकशी शिक्षकांच्या खोलीत झाली, खडूच्या कपाटाला टेकवलेल्या टेबलाभोवती. संस्थेच्या अध्यक्षबाई निवाडा करणार होत्या. भाचीच्या बाजूने बोलायची मुभा मला होती.

"पोरं घरी जाऊन 'क्नीफ' म्हणायला लागली, तर पालकांना मी काय तोंड दाखवू?" मुख्याध्यापक म्हणाले.

"एका तरी पालकाची तक्रार आलीय का, सर?" भाचीने विचारले.

"यायची वाट बघत बसायचं का?"

"म्हणजे साप दिसायच्या आधीच भुई धोपटून झाली," मी म्हणालो.

"मामा, तू थांब जरा," भाची म्हणाली.

मी थांबलो. पाठ संपेपर्यंत मुख्याध्यापक वर्गात होते का, हे अध्यक्षबाईंनी विचारले.

"अर्ध्यातच उठलो. हजार कामं असतात आम्हाला."

"नाही, सर," भाची शांतपणे म्हणाली. "वर्गानं 'नाइफ' घोकलं, तेव्हा तुमचेही ओठ हलत होते. मग त्या 'बी'वाल्या मुलीनं तुम्हाला विचारलं, 'वन' ओनं सुरू होतो, मग 'व' कुठून आला? तुम्ही तिला तास संपेस्तोवर बाकावर उभं केलंत."

"आगाऊ आहे ती."

"पाचवीत आहे ती, सर."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, खरं काय ते सांगा. बाहेर जाणार नाही."

त्यांनी सांगितले. बाहेर गेलेही नाही. अध्यक्षबाईंनी शाळेच्या शिस्तीचा विचार करून अहवाल तसाच मंजूर केला, आणि सोमवारी भाचीने वर्गाच्या किल्ल्या परत केल्या. पुठ्ठे तिने मागितले. ते शाळेची मालमत्ता ठरले. इतिवृत्तात मुख्याध्यापकांच्या उत्तरापुढे 'समाधानकारक खुलासा केला' एवढेच आहे. तो खुलासा मी ऐकला आहे, म्हणून शब्दशः देतो:

"हो, शेवटपर्यंत बसलो होतो. तिनं चुकीचं काहीच शिकवलं नाही. पण जन्मभर मी पोरांना सांगत आलो, इंग्रजीत 'का' विचारायचं नसतं, पाठ करायचं असतं. ही राहिली तर उद्या अख्खी शाळा माझ्या दारात 'का' घेऊन उभी राहील. आणि मला ते येत नाही, बाई."