खिशातलं हसू

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. हसलात ना? हसा. चारचौघांत माझं नाव कोणी घेत नाही, त्याची मला सवय आहे.

दातांच्या डॉक्टरांनी मला एका निवृत्त बस कंडक्टरांसाठी घडवलं. पहिल्या दिवशी काका आरशासमोर ओठ घट्ट मिटून उभे होते. त्यांची बायको म्हणाली, "दात विकतचे असले तरी हसू घरचंच आहे. दाखवा की!" मग मी कडक टोस्ट चावले आणि हसण्याच्या कामालाही पुरून उरले.

पुढे काकू गेल्या. काकांनी मला खणात टाकलं. मऊ कालवायचं, गिळायचं आणि गप्प बसायचं, एवढंच त्यांचं जेवण उरलं. मी पाण्यावाचून सुकले, वाकडी झाले.

पुढचं घडलं तेव्हा मी खणातच होते; काकांनी ते नंतर सांगितलं, तेव्हा त्यांच्या तोंडात राहून मी ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी बागेतल्या बाकावर त्यांना सफरचंदाची फोड दिली.

"नको, पोट भरलंय."

"पोटाचं मला माहीत नाही, तोंड मात्र रिकामं दिसतंय."

काकांना हसू फुटलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोला जाऊन वर्ष झालं नाही आणि आपण इथे खिदळतोय? तरी दुसऱ्या दिवशी मला रुमालात गुंडाळून ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी मला घासलं, नवं अस्तर लावलं.

पण लेक घरी आली की काका मला पटकन सदऱ्याच्या खिशात दडवत. चोरीच्या मालासारखी मी तिथे अंग चोरून पडायची.

एकदा लेकीने विचारलं, "बाबा, खिसा ओला कशाने?" आणि मला बाहेर काढलं.

काकांनी मान खाली घातली. "फार नाही हसत गं मी," ते बोबडं पुटपुटले. "तुझ्या आईला विसरलो नाही."

लेक बराच वेळ मला नळाखाली धूत राहिली. मग म्हणाली, "रडलो आपण दोघं मिळून. आता हसताना मला वगळता होय? घाला ही. आणि नर्सबाईंना चहाला बोलवा. पण आधी घाला, नाहीतर बोलावणं त्यांना कळायचं नाही."

काकांनी मला हातात घेतलं आणि ओठ हळूच उघडले.

मित्रांनो, कवळी पाण्यात ठेवा, हे डॉक्टर सांगतीलच. माझं मागणं वेगळं आहे. घरातलं म्हातारं माणूस तुम्हाला पाहून हसता हसता थांबलं, तर तिथून निघून जाऊ नका. शेजारी बसा आणि म्हणा, "काय झालं, मलाही सांगा की."