दोन पोचे

जरा पुढे सरकून बसा, मंडळी. दार लोटून घ्या. गोष्ट एवढीशीच आहे, पण हलक्या आवाजात सांगण्याजोगी. आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे.

धाकट्यानं किटलीतलं उकळतं पाणी गाडीच्या मागच्या बंपरवर ओतलं. वाफ उठली, पाणी फरशीवरून वाहत त्याच्या चपलेत शिरलं आणि तो एका पायावर उड्या मारू लागला.

"नाच नंतर," बायको म्हणाली. "आधी हात घाल."

तो आडवा झाला, फडकं गुंडाळलेला हात बंपरच्या मागून घातला आणि रेटा दिला. काही हललं नाही.

गाडी थोरल्या भावाची. वहिनी देवाघरी गेल्यापासून थोरल्यानं घराचं दार लावून घेतलं होतं, आणि तोंडाचंही. फोन केला तर "बरं आहे" एवढंच म्हणायचा. परवा मात्र धाकट्याच्या सासऱ्यांना दवाखान्यातून आणायचंय हे कळल्यावर तो आपणहून दिवेलागणीला आला, किल्ली हातावर ठेवली आणि म्हणाला, "नीट जा." धाकट्याच्या बायकोला वाटलं, देवानंच ते दार किलकिलं केलं. आज तो गाडी न्यायला येणार होता. चहालाही थांबतो म्हणाला होता.

आणि काल दवाखान्याच्या आवारात गाडी मागं घेताना धाकट्यानं ती कठड्याला टेकवली. टेकवली हा त्याचा शब्द. घरी आल्यावर पाहिलं, तर उजव्या कोपऱ्यात दोन पोचे. एक वाटीएवढा, शेजारी दुसरा, उथळ, लांबट.

"एकदाच लागली ना?" बायकोनं तेव्हाच विचारलं होतं.

"एकदाच. कठड्याला दोन कोपरे असतील."

आता प्लॅस्टिक आणखी मऊ पडावं म्हणून तिनं दुसरी किटली आणली. "सरळ सांगून टाकू या का त्यांना?"

"ओरडला असता तर सांगितलं असतं गं. तो ओरडणार नाही. किल्ली घेईल आणि जाईल. मग आहेच आपलं, बरं आहे, बरं आहे."

तिनं पाणी ओतलं. त्यानं दात आवळून ढकललं. 'टक्' असा आवाज झाला आणि मोठा पोचा बाहेर आला. दोघंही हसली, पण लगेच फाटकाकडे बघून गप्प झाली.

दुसरा मात्र येईना.

"हा मुरलेला दिसतोय," धाकटा घाम पुसत म्हणाला.

"सरका. तुमचा पंजा जात नाही तिथं." तिनं स्वतःचा हात घातला. पुन्हा पाणी, पुन्हा रेटा. पोचा नाइलाजानं, हळूहळू वर आला. वरून गार पाणी ओतून तिनं तो तसाच बसवला. मग टूथपेस्ट घेऊन ओरखडे घासायला लागली. उथळ पोच्याच्या जागी एक हिरवट रेघ होती. तीही निघाली.

तिचा हात थांबला.

"अहो, तो कठडा पांढरा होता ना?"

फाटक करकरलं.

थोरला आत आला. घराकडे न जाता गाडीला वळसा घालून मागं गेला. अंधारात दिव्याचं बटण सापडावं तसा त्याचा तळवा न बघताच उजव्या कोपऱ्यावर पडला. आणि तिथं फिरत राहिला. मग तो वाकला.

"काय केलंत?"

"कठड्याला लागली, दादा. चूक माझीच. दोन पोचे पडले होते, पण काढले बघ. कळतसुद्धा नाही."

"तुझा एकच असेल," थोरला म्हणाला.

बंपरवरून पाणी ठिबकत होतं.

"दुसरा तिचा. नुकती शिकत होती. आमच्या फाटकाला लावली, आणि वर मलाच म्हणाली, फाटकच मधे आलं."

धाकट्याच्या बायकोनं हातातल्या फडक्याकडे पाहिलं. पेस्टमध्ये हिरवा डाग कालवला होता. धुवायला बादली शेजारीच होती. तिनं फडकं घडी करून मुठीत धरलं.

"चहा..." ती म्हणाली.

थोरल्यानं हात पुढे केला. धाकट्यानं त्यावर किल्ली ठेवली आणि मान खाली घातली. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा येईना. त्यानं वर पाहिलं. थोरला दार धरून बाहेरच उभा होता. किल्ली त्यानं धाकट्याच्या बायकोपुढे धरली होती.

"बस."

"मला येत नाही, दादा."

"तिलाही येत नव्हती. मी बाजूला बसतो. मागं घे."

धाकटा लगबगीनं फाटकाकडे धावला. एकच फळी उघडी होती.

"थांब, दुसरीही उघडतो."

"राहू दे," थोरला म्हणाला. "तशीच राहू दे."

तर मंडळी, मागणं एवढंच. कुठं कुणाच्या गाडीला जुना पोचा दिसला, तर हसू नका. त्या वहिनीची आठवण काढा. माउली गायची छान म्हणतात, आणि फाटकं तिच्या मधे यायची.